शतपावली आणि दहा हजार पावले

पावले मोजण्याची कल्पना आपल्या भाषेला नवी नाही. 'शतपावली' हा शब्द कोणत्याही मराठी घरात रात्रीच्या जेवणानंतर सहज ऐकू येतो. गंमत अशी, की शतपावली घालणारा माणूस पावले मोजत नाही. शंभर हा आकडा शब्दात आहे, पायांत नाही. अंगणातल्या दोन-चार फेऱ्या, शेजाऱ्याशी दोन शब्द, आणि मग 'पुरे आता' म्हणून आत येणे, एवढाच त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ. आज मनगटावर बांधलेला फिटनेस बँड मात्र खरोखरच मोजतो, आणि शंभरावर थांबत नाही. त्याचे उद्दिष्ट दहा हजारांचे असते. शंभरापासून दहा हजारांपर्यंतच्या या प्रवासात काय मिळाले आणि काय निसटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती प्रसंगामुळे. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. पिंगळेश्वराचे जुने देऊळ आणि तिथली बारव यांमुळे ते जाणकारांना ठाऊक असते. या गावात माझी आत्या राहते. वय पासष्टच्या पुढे, रक्तातली साखर थोडी वाढलेली. गेल्या दिवाळीत तिच्या पुण्यातल्या मुलाने तिला असा एक बँड आणून दिला. हिरव्या बांगड्यांच्या मागे तो काळा पट्टा बसला, आणि पुढले चार दिवस घरात त्याचीच चर्चा चालली. पहिल्याच दिवशी एक अडचण आली. पावलांचा आकडा दिसत होता, पण नाडीच्या ठोक्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा येत होत्या. कारण शोधता शोधता लक्षात आले, की पट्टा जिथे बांधला होता तिथे आत्याचे लहानपणीचे गोंदण आहे. यंत्राचा उजेड त्या शाईतून पलीकडे जात नव्हता.

मनगट ही शरीराची वाचण्याची जागा आहे, हे मात्र या यंत्राने शोधून काढलेले नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे प्रकरण नाही. ते स्पष्टपणे येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे सुमारे तेराव्या-चौदाव्या शतकात. साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे तिथले वर्णन आहे. शार्ङ्गधर ठोके मोजत नाही, तो उपमा देतो. वातप्रकोपात नाडी जळूसारखी, सापासारखी चालते. पित्तात कावळ्यासारखी, बेडकासारखी. कफात हंसासारखी, पारव्यासारखी. नाडीची ही 'गती' म्हणजे चालच आहे. वैद्याची तीन बोटे मनगटावर टेकतात आणि त्यांना एक प्राणी चालताना जाणवतो. युरोपातही बराच काळ नाडीचे वर्णन असेच उपमांनी होत असे. १७०७ साली जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेऊन नाडी त्यावर मोजण्याचा आग्रह धरला आणि तसा ग्रंथ लिहिला. उपमेच्या जागी आकडा येण्याची ती एक ठळक खूण होय. आकड्याचा लाभ उघड आहे. उपमा कळायला गुरू लागतो, आकडा कोणालाही वाचता येतो. पण उपमेत रोग्याची प्रकृती, ऋतू, भूक, झोप हे सारे मिसळलेले असे. आकड्यातून ते वगळले जाते.

पावलांचेही असेच झाले. जेवणानंतर अन्नाचा जडपणा उतरेपर्यंत स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि मग डाव्या कुशीवर पडावे, असा उपदेश सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधीच्या अध्यायात आहे. आपली शतपावली याच परंपरेतली. ही सूचना चालण्याची जितकी आहे, तितकीच थांबण्याची आहे. आधी विसावा, मग थोडे चालणे, पुन्हा विसावा. वाग्भटाने तर व्यायामाला वरची मर्यादाच घालून दिली आहे : थंडीत आणि वसंतात, तेही सशक्त आणि स्निग्ध आहार असलेल्या माणसाने, आपल्या शक्तीच्या निम्माच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायाम, जागरण आणि अति चालणे यांच्या नादी लागणारा माणूस हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा त्याचा दृष्टांत आहे. ही वरची मर्यादा वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

स्वतःच्या शरीराच्या श्रमाची मोजदाद स्वतः ठेवण्याची रीत आपल्याकडे कुठे दिसते, असे विचारले तर मी आधी जात्याकडे बोट दाखवीन. पिंगळीच्याच जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसतो, ही आख्यायिका मराठी मनात रुजली आहे. दळणाऱ्या बायका ओव्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक देत आणि एकेक ओवी एकेका देवाला, आईबापांना, भावाला वाहत. दळण किती झाले, हात किती फिरला, याचा हिशेब त्या क्रमांकांतून राहत असे. आणि तो हिशेब दुसऱ्या कोणाला द्यायचा नसे. गी पॉइटव्हॅ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्यात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या आपण लोकसाहित्य म्हणून वाचतो. त्या श्रमाच्या नोंदवह्याही आहेत, असे मला वाटते.

विसाव्या शतकात ही मोजदाद जाणीवपूर्वक 'आरोग्या'च्या नावाने होऊ लागली. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कार रोज, नेमाने आणि ठरावीक संख्येने घालण्याचा प्रचार आयुष्यभर केला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्यांवर पुस्तके लिहिली. १९३८ साली लुईस मॉर्गन या बाईंच्या संपादनाने त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. इथे आकडा आहे, पण तो नेमाच्या पोटात आहे. तो पुरा झाला की त्या दिवसाचा हिशेब मिटतो. याच काळात, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योग मीमांसा' हे नियतकालिक काढून आसने व क्रिया करताना शरीरातले दाब कसे बदलतात, याची यंत्रांनी घेतलेली मोजमापे प्रसिद्ध केली. ज्याला आज 'शरीराचा डेटा' म्हणतात, त्याचा मराठी मुलखातला आरंभ शोधायचा तर तो इथे शोधावा लागेल.

पण मोजदाद नेहमीच चालणाऱ्यासाठी झाली असे नाही. १८६५-६६ साली कुमाऊंचा नैनसिंग रावत तिबेटात गेला, तो हातात जपमाळ घेऊन. माळेत १०८ ऐवजी शंभर मणी होते; दर शंभर पावलांना तो एक मणी ओढी. डेहराडूनला त्याला सारखे पाऊल टाकण्याचा सराव दिला होता आणि दोन हजार पावलांचा मैल असा हिशेब होता. त्या माळेतून नकाशा निघाला, तो ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचा. चालला नैनसिंग, पावले मात्र दुसऱ्याच्या वहीत जमा झाली. मोजणारा आणि चालणारा यांच्यातले हे अंतर आजच्या बँडपाशी पुन्हा उभे राहते.

दहा हजारांचा आकडा आला कुठून, तेही पाहिले पाहिजे. तो कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक बाजारात आणले आणि त्याला 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक', असे नाव दिले. दहा हजार या अर्थाचे जपानी अक्षर चालणाऱ्या माणसासारखे दिसते, म्हणूनही तो आकडा आवडला, असे सांगितले जाते. म्हणजे 'शत' जसा ऐसपैस, गोल शब्द, तसाच 'दहा हजार' हाही. फरक इतकाच, की पहिला भाषेने घडवला आणि दुसरा जाहिरातीने.

आता यंत्राविषयी. बँडच्या पोटात गतीतला बदल टिपणारा एक इवलासा संवेदक असतो. चालताना हात ठरावीक तालात झुलतो. तो ताल ओळखून यंत्र पाऊल धरते. पाऊल म्हणून जे मोजले जाते ते प्रत्यक्षात मनगटाचे हेलकावे असतात. नाडीसाठी मागच्या बाजूने हिरवा उजेड कातडीवर पडतो. रक्त हिरवा उजेड शोषते. ठोक्यागणिक रक्त वाढले की परत येणारा उजेड कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. गोंदणाची शाईही उजेड शोषते, म्हणून आत्याच्या मनगटावर यंत्र आंधळे झाले. पट्टा दुसऱ्या हातावर, गोंदण नसलेल्या जागी बांधल्यावर ते नीट चालू लागले.

अशा यंत्राने रोजच्या आरोग्याला काय हातभार लागतो, याचे उत्तर आज बऱ्यापैकी देता येते. २०२२ साली 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये आधीच्या अनेक आढाव्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. अशी साधने वापरणारी माणसे दिवसाला सुमारे १,८०० पावले जास्त चालतात आणि त्यांचे वजन सरासरी सुमारे एक किलोने उतरते, असे त्यात आढळले. चमत्कार नव्हे, पण थोडेथोडके नव्हे. किती चालणे पुरे, याचाही अंदाज आता खाली आला आहे. २०२५ च्या एका मोठ्या आढाव्यात रोज दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसले. अर्थात, निरोगी माणसे मुळात जास्त चालतात, हेही अशा निरीक्षणांत मिसळलेले असते. मनगटी घड्याळाने नाडीची अनियमितता ओळखता येते का, हे चार लाखांहून अधिक लोकांवर तपासणारा अभ्यास २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सुमारे अर्धा टक्का लोकांना सूचना मिळाली, आणि त्यांतल्या ज्यांची पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी झाली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हृदयतालाचा दोष सापडला. म्हणजे सूचना मिळाली तर डॉक्टरकडे जावे. सूचनेलाच निदान समजू नये.

उलट बाजूही आहे. २०१६ साली अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात वजन उतरवू पाहणाऱ्या तरुणांचे दोन गट केले होते. दोन वर्षांनी साध्या नोंदीवर भागवणाऱ्या गटाचे वजन सरासरी ५.९ किलोने उतरले, तर अंगावर यंत्र वागवणाऱ्यांचे ३.५ किलोने. यंत्र बांधले म्हणजे नेम बांधला असे होत नाही. आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या मधुमेहींवर झालेल्या एका लहान अभ्यासात, दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहते, असे दिसले. रात्रीच्या जेवणानंतर तर त्याहून अधिक. सुश्रुताला हे ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. त्याची कारणमीमांसा वेगळी होती. पण केव्हा चालावे हा प्रश्न किती चालावे याच्याइतकाच मोलाचा आहे, एवढे शतपावलीत होते आणि दहा हजारांत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आकडा एकच असला तरी शरीरे एक नसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एकाच आकड्याआड दोन निराळी शरीरे कशी लपतात, हे त्या एका पानाने दाखवले.

त्याहून महत्त्वाचे काम पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झाले. त्या पाहणीत गरोदर स्त्रियांच्या आहाराबरोबर त्यांचे श्रमही मोजले गेले : पाणी आणणे, शेतातली कामे, घरकाम. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्या स्त्रियांचे श्रम अधिक, त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरीने कमी. शहरातल्या बैठ्या माणसासाठी 'आणखी चाला' हा उपदेश ठीक; हंडा घेऊन जाणाऱ्या गरोदर बाईला तोच उपदेश करणे हे अज्ञान ठरेल. तिच्या बाबतीत हालचाल वाढते तेव्हा आरोग्य वाढते असे नाही. दहा हजारांचा आकडा ज्याच्यासाठी घडवला गेला तो माणूस दिवसभर खुर्चीत बसलेला आहे. त्याला खालची मर्यादा हवी असते. वरची मर्यादा, वाग्भटाची ती निम्मी शक्ती, या यंत्राच्या उद्दिष्टात बसत नाही.

मनगट कोणाचे आहे यावर पट्ट्याचा अर्थही पालटतो. २०१८ च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस असलेली घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ आहे, यावरून हजेरी आणि तिच्यावरून पगार. नोकरदाराच्या मनगटावरचा पट्टा त्याला 'शाबास' म्हणतो. झाडूवाल्या बाईच्या मनगटावरचे घड्याळ तिची हजेरी घेते. यंत्र जवळजवळ तेच, हिशेब कोणासाठी हा प्रश्न निराळा. नैनसिंगाची माळ आणि जात्यावरची ओवी यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे.

पिंगळीच्या त्या चार दिवसांत आम्ही आकडे पाहत होतो. भाकरी थापताना हाताच्या तालाने पावले वाढत. डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन, एका हाताने ते सावरत आत्या शेतातून घरी येई, तेव्हा पट्टा नेमका त्या वर उचललेल्या, स्थिर हातावर असे, आणि एवढे अंतर चालूनही नोंद थोडकीच होई. खुरपायला बसलेले तास जवळजवळ कोरे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जरा भिंतीला टेकली, तोच पट्टा थरथरला आणि त्यावर उठून उभे राहण्याची सूचना आली. मी ती वाचून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, ''आरं, सकाळधरनं हे कुठं गेलं होतं? आन् 'बस आता' म्हणून कवा सांगतंय हे?''

उत्तर माझ्याकडे नव्हते. पण आकड्यांमध्ये एक असा होता, ज्याकडे आम्ही कोणी पाहिलेच नव्हते : झोपेचा. झोपेच्या प्रकारांबाबत हे यंत्र फारसे विश्वासार्ह नसते. एकूण वेळ मात्र साधारण बरोबर सांगते. चारही रात्री तो पाच तासांच्या आत होता. ती सगळ्यांच्या नंतर आडवी होते आणि चारला उठते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तरीही ते कोणाला दिसले नव्हते. पुण्याच्या मुलाने तो आकडा मोबाइलवर दोनदा पाहिला, मग बराच वेळ काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने भावाशी आणि भावजयीशी बोलून पहाटेचे पाणी भरणे आणि गोठ्याचे काम आत्याकडून काढून घेतले. गोठा आता तिचा नातू पाहतो.

तेव्हा फिटनेस बँड रोजच्या आरोग्यासाठी काय करू शकतो, याचे माझे उत्तर असे. बसून राहणाऱ्याला तो त्याचे बसणे दाखवतो, आणि ते पुष्कळ आहे. राबणाऱ्याला तो त्याचे राबणे नीट दाखवू शकत नाही, पण त्याचा नसलेला विसावा दाखवू शकतो. घरातल्या माणसांनी तो आकडा वाचायची तयारी ठेवली तरच. आत्या आता पट्टा फक्त रात्री बांधते. जेवण झाले की नातवाला घेऊन पिंगळेश्वराच्या वाटेने थोडी चालून येते. किती पावले होतात, ते ती पाहत नाही.